चरणदासाचा दोष

सामूहिक निर्मितीत सदोष पात्राला खरा धोका असतो तो सर्वांच्या सहानुभूतीचा. अनेक हात लागले की व्यंग झिजते आणि पात्र गुळगुळीत होते. हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ या नाटकाने हा धोका बव्हंशी टाळला, म्हणून त्याची घडण अभ्यसनीय ठरते. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर आधारलेले हे नाटक १९७४-७५च्या सुमारास, चरोद्याला लागून असलेल्या भिलाईत, नाचा परंपरेतील छत्तीसगढी कलावंतांच्या उत्स्फूर्त अभिनयातून आकारास आले. सत्याला सर्वोच्च मानणाऱ्या सतनामी पंथाची गीतेही त्यात मिसळली.

चरणदास चोरी सोडत नाही. गुरूपुढे थट्टेत केलेल्या प्रतिज्ञा आणि खरे बोलण्याचे व्रत मात्र तो पाळतो. राजकोषातून पाच मोहरा चोरल्याचे तो कबूल करतो. आणखी पाच लाटणारा कारभारी सज्जन म्हणून मिरवत असतो. येथे दोष हा सद्गुणाचा विरोधी न राहता त्याची कसोटी ठरतो. नटांनी प्रसंगागणिक विनोद वाढवावा, पण प्रतिज्ञा मोडू नयेत, या मर्यादेमुळेच हास्य शोकान्तिकेकडे वळते. राणीचा विवाहप्रस्ताव तो नाकारतो, ती गोष्ट लपविण्याचे वचनही देऊ शकत नाही आणि मारला जातो.

अखेरीस लोक त्याची पूजा करतात, तेव्हा समूह त्याला निर्दोष करू पाहतो. चोराचा संत होणे हा नाटकाचा गौरव आहे, तसाच त्यातील सर्वांत तीक्ष्ण उपरोधही.