मांडवात राहिलेली मुलगी

आमच्या जालना जिल्ह्याला एका पळून गेलेल्या नवरदेवाचा मोठा अभिमान आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बोहल्यावर उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या नारायणाने भटजींच्या तोंडचा ‘सावधान’ हा शब्द ऐकला, तो खरोखरच सावध झाला आणि मांडव सोडून निघून गेला, ही परंपरेने चालत आलेली कथा इकडच्या घराघरांत सांगतात. आमच्या लहानपणी दिवाळीच्या फराळाला पोरे जमली की आजी ती रंगवून सांगे. नारायण पळाला की आम्ही टाळ्या वाजवत असू. एका दिवाळीत मात्र माजघराच्या उंबऱ्याशी बसलेली आमची आत्या हळूच म्हणाली, “आणि अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या त्या पोरीचं पुढं काय झालं, आई?” आजीने उत्तर दिले नाही. तिने आमच्या ताटात आणखी एकेक करंजी वाढली.

आत्याचा तो प्रश्न मला पुष्कळ वर्षांनी ‘कुंकू’ पाहताना आठवला. त्या मुलीची हकीकत मराठी बोलपटाने एकदा तरी सांगितली आहे, असे तेव्हापासून मला वाटत आले आहे. ती सांगणाऱ्या नटीचे नाव शांता आपटे.

तसे पाहिले तर मराठी रंगभूमीने या विषयाला फार पूर्वीच हात घातला होता. देवलांचे ‘शारदा’ 1899 साली रंगभूमीवर आले आणि जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न त्याने घरोघर नेला. परंतु शारदेची सुटका कशी होते, हे जरा आठवून पाहावे. वधू-वर सगोत्र असल्याचे उघडकीस येते आणि लग्न मोडते! म्हणजे जे शास्त्र तिला बोहल्यावर चढवते, तेच ऐन वेळी तिला खाली उतरवते. सोडवणारा कोदंडही पुरुषच, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शारदेचे अश्रू ढाळणारा नटही पुरुषच. ‘शारदा’ थोर नाटक आहे, यात शंका नाही. परंतु त्याचे सारे बळ मांडवाच्या दारापर्यंतच आहे. मांडवात सगोत्राचा दोष निघाला नसता तर काय, हा प्रश्न ते विचारत नाही.

तो प्रश्न ‘प्रभात’ने 1937 साली विचारला. नारायण हरी आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी घेऊन व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ काढला आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या नावाने दिली. येथे कोणी कोदंड धावून येत नाही. मामाच्या आश्रयाला असलेली नीरा पैशाच्या लोभाने फसवली जाते आणि काकासाहेब नावाच्या वयस्क, विधुर वकिलाशी तिचे लग्न लागते. मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या, आता सारे संपले असे जिथे ‘शारदा’च्या प्रेक्षकाला वाटले असते, तिथे ‘कुंकू’ सुरू होतो. नीरा नवऱ्याच्या घरी जाते, त्याच्या नावाचे कुंकू लावते, आणि त्याची बायको होण्यास साफ नकार देते.

नकार हा अभिनयाला अवघड विषय आहे. रडणे सोपे, संतापणे त्याहून सोपे. रोज सकाळी उठून त्याच घरात, त्याच माणसांत वावरायचे आणि रोज नव्याने ‘नाही’ म्हणायचे, हे अवघड. शांताबाईंनी नीरेला दीनवाणी केले नाही. तिच्या दुःखाला त्यांनी राग दिला आणि त्या रागाला विनोदाची धार दिली. सावत्र मुलगा भलत्या नजरेने जवळ येऊ लागतो तेव्हा ही त्याची आई छडी हाती घेते. ते दृश्य पाहताना आजही हसू येते आणि अंगावर काटाही येतो. घरातल्या चिमुरड्या मुलीशी खेळताना ती क्षणभर स्वतःच पोर होते, आणि पुढच्याच क्षणी काकासाहेबांची चाहूल लागताच तिचा चेहरा दार लावून घेतल्यासारखा मिटतो. असा चेहरा मिटता येणे ही कला आहे. पुष्कळ नट्यांना चेहरा उघडणे जमते, मिटणे जमत नाही.

हे त्यांना कसे साधले असावे? माझ्या मते त्याचे मूळ गाण्यात आहे. 1916 साली सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनी येथे जन्मलेल्या शांताबाईंनी पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात गाण्याचे धडे घेतले. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये (1932) राधा म्हणून त्या प्रथम पडद्यावर आल्या, आणि ‘अमृतमंथन’पासून (1934) त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या आरंभीच्या बोलपटांत गाणे म्हणजे कथा थांबवून केलेली बैठकच असे. नट एका जागी खिळल्यासारखा उभा राही आणि गाणे संपले की पुन्हा हालचाल सुरू करी. शांताबाईंनी ही शिस्त मोडली. गाताना त्यांचे हात बोलत, डोळे बोलत, मान वळे; गाणे हेही संवादाइतकेच बोलणे आहे, असे त्या गात.

‘कुंकू’त या गुणाची कसोटी लागली. शांतारामांनी येथे पार्श्वसंगीत वर्ज्य केले होते. घरातले, रस्त्यावरचे, माणसांच्या वावराचे आवाज तेवढे ठेवले. भिंतीवरचे जुने घड्याळ तर या चित्रपटातले एक पात्रच झाले आहे. भावना उठावदार करायला वाद्यमेळ नाही, तेव्हा सारा भार नटांच्या गळ्यावर आणि चेहऱ्यावर पडला. केशवराव भोळे यांनी दिलेल्या चालींपैकी एक तर चक्क लाँगफेलोच्या इंग्रजी कवितेची आहे. नऊवारी संसारात अडकलेली ही मुलगी जगण्याच्या लढाईचे ते इंग्रजी काव्य म्हणू लागते, तेव्हा ते हास्यास्पद होण्याचा केवढा धोका होता! शांताबाईंच्या गळ्यातून ते हास्यास्पद होत नाही. शिकण्याची भूक असलेली एक मुलगी हाताला लागेल त्या शब्दाचा आधार घेत आहे, असेच वाटते.

आता तक्रारीचे बोलायला हवे, कारण प्रेमाने पाहिलेल्या चित्रपटाविषयी खोटे बोलू नये. ‘कुंकू’चा शेवट मला पटलेला नाही. केशवराव दाते यांनी काकासाहेबांचे काम अप्रतिम केले आहे. आरशासमोर आपले म्हातारपण झाकू पाहणारा, पुढे लाजणारा आणि शेवटी आपला अपराध ओळखणारा हा माणूस खलनायक नाही, ही ‘कुंकू’ची थोरवी आहे. त्यांची विधवा मुलगी चित्रा घरी येते आणि वडिलांनाच जाब विचारते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे. संततिनियमनाच्या कामात आयुष्य घालवणाऱ्या त्या बाईंच्या तोंडी ते शब्द उसने वाटत नाहीत. येथवर सारे ठीक. परंतु अखेरीस काकासाहेब नीरेला बंधनातून मोकळी करतात, तिने दुसरे लग्न करावे अशी इच्छा मागे ठेवतात आणि आपले जीवन संपवतात. प्रेक्षक डोळे पुसतो, आणि कोणासाठी पुसतो? काकासाहेबांसाठी! दीड-दोन तास नकार नीरेने पेलला, आणि त्यागाचे पुण्य मात्र काकासाहेबांच्या पदरी पडले. तिची सुटका तिने मिळवली नाही, तिला ती देण्यात आली. जांबच्या नारायणाला मांडव सोडायला कोणाचा मृत्यू लागला नव्हता.

ही चूक एकट्या दिग्दर्शकाची म्हणता येणार नाही. 1937 सालच्या समाजाला याहून धीट शेवट पचला असता की नाही, कोण जाणे. पण शेवटच्या दृश्यांत शांताबाईंकडे नीट पाहावे. त्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद नाही, कृतज्ञताही नाही. ‘हे असे व्हायला नको होते’ एवढेच त्यावर लिहिलेले आहे. कथेने जो शेवट काकासाहेबांना दिला, तो या नटीने चेहऱ्यावर पुरता स्वीकारलेला नाही. ‘कुंकू’ आजही जिवंत वाटतो तो त्यामुळे.

पडद्यावरची नीरा पडद्यावरच राहिली असती तर हे सारे येथेच संपले असते. ‘गोपालकृष्ण’मध्ये (1938) राधा रंगवून लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या या नटीने 1939 साली कराराच्या वादातून ‘प्रभात’च्या दारातच उपोषण केले. ज्या संस्थेने तिचा नकार गावोगाव दाखवला, तिच्याच फाटकापाशी ती नकार घेऊन बसली. पडद्यावरचा नकार लोकांना आवडतो, रस्त्यावरचा आवडत नाही. तेव्हा टवाळीही झाली. पुढच्याच वर्षी, 1940 साली, त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. चित्रपटाच्या झगमगाटाला भुलणाऱ्या तरुणांना या धंद्यातली पिळवणूक सांगणारे ते पुस्तक आहे. नटी म्हणजे राबणारी बाई आहे, हे मराठीत इतक्या लवकर एका नटीनेच म्हणावे, याचे मोल आपण अजून पुरते केलेले नाही.

त्याच वर्षांत दूर मॉस्कोत ल्युबोव्ह ओर्लोव्हा नावाची नटी अशीच गात होती. तिचेही शिक्षण संगीताचे, तीही संगीत रंगभूमीवरून चित्रपटात आलेली. तिचा पती ग्रिगोरी अलेक्सांद्रोव्ह यानेच दिग्दर्शित केलेल्या ‘सर्कस’मध्ये (1936) ती कृष्णवर्णी बाळाची गोरी आई झाली आहे. आपल्या देशात हिणवली गेलेली ही आई सोव्हिएत प्रेक्षकांत येते, आणि सारे सभागृह अंगाई गात ते बाळ हातोहात झेलते. शेवटी ती हजारोंबरोबर मिरवणुकीत चालते. ओर्लोव्हाला 1941 साली स्टालिन पारितोषिक मिळाले, पुढे 1950 साली ‘लोककलावंत’ हा सन्मानही मिळाला. आमच्या नटीला फाटकाबाहेरची जागा मिळाली. परंतु घाईने हेवा करू नये. त्याच ‘सर्कस’चा छायालेखक व्लादिमीर निल्सेन 1937 साली पकडला गेला आणि 1938 साली त्याला गोळी घालण्यात आली. तिथे गाता येत होते, परंतु ‘नाही’ म्हणता येत नव्हते. ओर्लोव्हाचे हसू मला मोहवते. पण शांताबाईंच्या कपाळावरची आठी मला अधिक मोलाची वाटते.

पुढचा काळ झपाट्याने बदलला. तमिळ शिकून त्यांनी ‘सावित्री’ (1941) केला. त्यात नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त (1946) कोवळ्या वयाच्या लता मंगेशकर त्यांच्यासह गायल्या. पार्श्वगायनाचे युग उगवत होते. गळा एकीचा आणि चेहरा दुसरीचा हे ठरून गेले, आणि गाणाऱ्या नटीची गरज सरली. ‘स्वयंसिद्धा’ने (1949) त्यांना पुन्हा एकवार उजेडात आणले. 24 फेब्रुवारी 1964 रोजी अंधेरीत त्यांचे निधन झाले.

‘कुंकू’ निघाला तेव्हा आमचे जालना निजामाच्या राज्यात होते. इंग्रजी मुलखात 1930 पासून लागू झालेला सारडा कायदा आमच्या हद्दीपाशी थांबत असे. आज आमचा स्वतंत्र जिल्हा आहे, कायदा 2006 चा नवा आहे, आणि अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे. तरीही अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यातून दिवाळी सरता सरता ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. आई-बाप सहा महिने परमुलखात, तरणी पोर घरी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही काळजीही खरीच आहे. म्हणून नववी-दहावीतल्या पोरींचे हात पिवळे होतात. माझी पुतणी त्याच भागात शिक्षिका आहे. गेल्या पाडव्याला ओवाळण्याच्या ताटात कुंकू कालवता कालवता ती म्हणाली, “काका, सुट्टी संपून शाळा भरली की मी हजेरी घेताना आधी मुलींचे बाक पाहते. कुठले रिकामे राहील, याचा अंदाज आता मला आधीच येतो.”

त्या दुपारी आम्ही घरातली सारी मंडळी ‘कुंकू’ पाहायला बसलो. चित्र जुने, आवाज घासलेला. पोरांनी प्रथम कुरकुर केली. छडीच्या दृश्याला मात्र सगळी हसली आणि नंतर शांत झाली. संपल्यावर पुतणीची धाकटी मुलगी म्हणाली, “ती पळून का नाही गेली?”

मला आत्याची आठवण झाली. पळून जाणाऱ्याची कथा होते, त्याचे मंदिर होते, आणि ते योग्यच आहे. परंतु जिला पळता येत नाही, तिने उभे राहून ‘नाही’ म्हणावे यालाही सावधानच म्हणतात. मी त्या पोरीला एवढेच म्हणालो, “ती राहिली म्हणून तर आपल्याला तिची गोष्ट कळली.” पुतणीने मान हलवली आणि तो चित्रपट शाळेत दाखवता येईल का, हे विचारले. दिवाळीनंतर नको, ती म्हणाली, दिवाळीच्या आधी.