छटेआड गेलेली तीन शहरे

राष्ट्रीय नकाशासंग्रहाची आपली परंपरा जुनी आहे. १९५६ साली कोलकात्यात राष्ट्रीय अॅटलास संघटना स्थापन झाली आणि एस. पी. चटर्जी यांच्या मार्गदर्शनाखाली पुढच्याच वर्षी अॅटलासची हिंदी आवृत्ती निघाली. एका पानावर अख्खा देश बसवायचा, तर जिल्ह्याहून लहान तुकड्यांत रंग भरणे अवघडच. आता अॅटलास पडद्यावर आला. पानाची अडचण उरली नाही. तरीही जनगणनेचा आकडा जिल्ह्याच्या चौकटीत ओतायची सवय सुटलेली नाही. माझा आक्षेप या सवयीवर आहे.

ठाणे जिल्हा घेऊ. २००१ ते २०११ या दशकात त्याची लोकसंख्या ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ झाली. वाढ ३६ टक्के. शाळेत शिकलेल्या क्षेत्रघनी पद्धतीने या वाढीचा नकाशा काढला, की सगळ्या जिल्ह्याला एकच छटा मिळते. आता कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसावे. उल्हासनगर ४,७३,७३१ वरून ५,०६,०९८ वर गेले, म्हणजे वाढ जेमतेम ७ टक्के. अंबरनाथ २,०३,८०४ वरून २,५३,४७५ वर, म्हणजे २४ टक्के. आणि कुळगाव-बदलापूर ९७,९४८ वरून १,७४,२२६ वर : ७८ टक्के! एकाच लोहमार्गावरची ही शेजारची शहरे. त्यांपैकी एकालाही जिल्ह्याची छटा लागू पडत नाही.

या फरकामागे इतिहास आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि उल्हासनगर झाले. सुमारे १३ चौरस किलोमीटरांत ते आधीच दाटलेले. पसरायला जागाच नव्हती. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहतीचा आधार. बदलापुरात मोकळी जमीन होती आणि मुंबईत नोकरी करणाऱ्याच्या आवाक्यातले घर.

पडद्यावर नकाशा मोठा करून तालुक्यापर्यंत उतरले, तरी प्रश्न सुटत नाही. अंबरनाथ आणि बदलापूर एकाच तालुक्यात येतात. दोन्ही शहरांची बेरीज केली तर वाढ ४२ टक्के भरते. हा आकडा दोघांपैकी कोणाचाच नाही.

भाषेच्या नकाशात तर शहरच पुसले जाते. उल्हासनगरातला झाडून प्रत्येक माणूस सिंधीभाषक धरला, तरी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आतच राहते. स्वतःचे राज्य नसलेल्या भाषेला जिल्हानिहाय टक्केवारीत फिकट छटेपलीकडे काही मिळत नाही.

त्यात १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. २०११ च्या ‘ठाणे’ जिल्ह्यात वसई, जव्हार, मोखाडा होते. तो आकडा आजच्या ठाण्याच्या सीमेत भरणारा नकाशा कितीही देखणा असो, खोटाच ठरतो.

यावर उपाय आहेत. जनगणना शहरांचे मूलभूत आकडे प्रभागापर्यंत प्रसिद्ध करते. अॅटलासने तिथवर उतरले पाहिजे. शहरांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वर्तुळे काढावीत, म्हणजे लहान क्षेत्रफळाची दाट वस्ती झाकली जाणार नाही. छटांचे वर्ग कुठे तोडले, हे वाचकाला दिसावे आणि बदलूनही पाहता यावे. प्रभागांच्या सीमा दर वेळी बदलतात, त्यामुळे दोन दशकांची तुलना सरळ होत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच प्रत्येक जनगणनेच्या सीमा तिच्या वर्षासकट जपायला हव्यात. कागदाला हे पेलले नसते, पडद्याला पेलते.

२०२१ ची गणना झालीच नाही. पुढच्या गणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ आहे, म्हणजे मधे सोळा वर्षे गेली. ती गणना डिजिटल असेल. पण गोळा केलेली माहिती पुन्हा जिल्ह्याच्या एका रंगात ओतली गेली, तर बदलापूरला किती पाणी, किती शाळा आणि किती लोकल लागतील, हे त्या नकाशावरून कोणाला कळणार?