तालाची मातृभाषा

वादकाच्या कौशल्याने थक्क होणे निराळे आणि त्याचा आस्वाद घेणे निराळे. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीची १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मुद्रित झालेली मैफल ऐकताना हा भेद उमगतो. तीत तालाची बाजू त्रिलोक गुर्टू सांभाळतात.

ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे हे मुंबईत जन्मलेले चिरंजीव. हात तबल्यावर घडलेला. जॅझमधील ड्रमवादक आसनावर बसतो. हे जमिनीलगत गुडघा टेकून वाजवितात. ड्रम व झांजांच्या जोडीला तबला असतो, आणि पाण्याची बादलीही! निनादणारी झांज पाण्यात उतरली की तिचा स्वर मींडेसारखा घसरतो. येथे चमत्कृती आहे, परंतु तिला गायकीचे भान आहे. १९८८ च्या आपल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत त्यांनी मातोश्रींचाच आवाज योजला होता, हे येथे आठवते.

'मदर टंग्ज' या दीर्घ रचनेत या वादनाचे मर्म प्रकटते. येथे गती हे साध्य नव्हे. प्रत्येक आघातामागे एक बोल उभा आहे. तो आधी मनात उच्चारला जातो, मग हातातून उमटतो. क्वचित सवालजवाब लांबतो, टाळ्यांचा मोह जाणवतो. तरीही वाक्य तुटत नाही.

वाद्ये परकी, श्रोते परके, बोल मात्र घरचे. दिल्लीत दिवसभर परभाषेत टिपण्या लिहिणाऱ्या आपणांस याहून जवळचे संगीत कोणते?