कोणते भीमसेन ऐकायचे?

(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आमचे दोन जुने स्नेही आहेत. एक नांदेडचे, एक तुमच्या लातूरचे. दोघांच्याही घरी कॅसेटींनी कपाटं भरलेली आहेत. दोघांचं दैवत एकच, पंडित भीमसेन जोशी. तरीही गेली कित्येक वर्षं दोघांचं एका मुद्द्यावर जमत नाही. नांदेडकर म्हणतात, भीमसेन ऐकावेत ते 1960च्या दशकातले. काय तो दमसास, काय ती तान! लातूरकर म्हणतात, छे, तेव्हा नुसता जोर होता हो, गाणं मुरलं ते ऐंशीनंतर. परवा एका लग्नात दोघं भेटले, तर मंगलाष्टकं सुरू झाली तरी यांचं हेच चाललेलं.

आम्हाला हे भांडण हसण्यावारी न्यावंसं वाटत नाही. त्यात एक खरा प्रश्न आहे. पुस्तक एकदा छापलं की तेच राहतं, वाचणारा बदलतो. ख्यालाचं तसं नाही. बंदिश तीच, राग तोच, पण गाणं त्या रात्री नव्यानं घडतं. भीमसेनजींचा जन्म 1922चा. विशीच्या आसपास ते मैफलीत गाऊ लागले आणि पुढं साठ वर्षांहून अधिक काळ गात राहिले. इतक्या वर्षांत एकच पुरिया धनाश्री शेकडो वेळा वेगळा घडला असणार. मग ‘कोणता काळ चांगला?’ असं विचारणं गैर कसं म्हणायचं?

गैर नाहीच. पण ‘साठच्या दशकातले भीमसेन सर्वश्रेष्ठ’ या एका वाक्यात तीन वाक्यं दडलेली आहेत. पहिलं आवाजाबद्दलचं: तेव्हा गळा अधिक ताकदीचा होता. दुसरं गाण्याबद्दलचं: तेव्हा रागाची मांडणी अधिक सरस होती. आणि तिसरं स्वतःबद्दलचं: तेव्हा मी तरुण होतो. पहिल्याचा पुरावा कानाला मिळतो. दुसऱ्यासाठी विचार करावा लागतो. तिसऱ्याला पुरावाच लागत नाही, म्हणून ते सगळ्यात ठासून बोललं जातं! गंमत अशी की आपण बोलत असतो तिसरं, आणि समोरच्याला वाटतं की आपण दुसरं सिद्ध केलं.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे गाणं आपल्यापर्यंत पोचण्याची वाट. पुण्यात 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव होत आला. पण आपल्याकडून तिथं जायचं म्हणजे काय होतं? लातूरहून बार्शी लाइटची छोटी गाडी, कुर्डुवाडीला उतरून पुढं मोठी. नांदेडहून तर त्याहून लांब. डिसेंबरच्या थंडीत नोकरीतून सुटी काढून किती जण जाणार? आपल्यापैकी बहुतेकांनी भीमसेन आधी ऐकले ते रेडिओवर, शनिवारी रात्रीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात. मग ‘संतवाणी’च्या कॅसेटी आल्या. 1988च्या पंधरा ऑगस्टनंतर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ दूरदर्शनवर येऊ लागलं, आणि एका अख्ख्या पिढीचे भीमसेन तिथून सुरू झाले. ज्या वाटेनं जे आलं, तोच आपला ‘काळ’ ठरला.

माध्यमांची मापंही बघा. जुन्या 78च्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. एलपीत वीस-बावीस. कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास, पाऊण तास. आता तीन मिनिटांत बढत करायची कुठून? तिथं तानच उठून दिसणार. तेव्हा अमुक काळात अमुक गायक ‘तयारीचा’ होता, असं आपण म्हणतो, त्यात गायक किती आणि तबकडी किती, हे तपासावं लागतं.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा एक वाद्यवृंद होता. 1965 ते 1995 अशी तीस वर्षं त्यांनी दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले. गाणं तेच, पण मधला विस्तार दर रात्री नवा. श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा होती, त्यामुळे टेपांची देवघेव करणारा मोठा समाज उभा राहिला. अर्थातच तिथंही भांडण: 1972चा वृंद खरा की 1977चा? अनेक जण 8 मे 1977चा, कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम सर्वोत्तम मानतात. तो चांगला आहेच. पण त्याच्या कीर्तीत एका गोष्टीचा मोठा वाटा आहे: त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण फार स्वच्छ होतं आणि पुढं ते हातोहात पसरलं. तितकीच चांगली एखादी रात्र खरखरीच्या टेपेत अडकली असेल, तर तिला कोण विचारतं?

आता थोडं आमच्या विषयाकडं, तत्त्वज्ञानाकडं. अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक आहे ‘देशकालविशेषावेश’. हे माझं, हे दुसऱ्याचं, हे इथलं, हे तेव्हाचं, अशा पकडीत मन सापडलं की आस्वाद थांबतो. दुसरं विघ्न आहे ‘निजसुखादिविवशीभाव’. स्वतःच्याच सुखदुःखात माणूस इतका बुडालेला असतो की समोरचं त्याला दिसत नाही. हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आमच्या त्या दोन स्नेह्यांचं निदान करून ठेवतो!

तुम्ही म्हणाल, सर, मैफल ही काळातच घडते, मग काळ सोडायचा कसा? बरोबर आहे. गाणं कधीचं आहे हे माहीत असणं म्हणजे विघ्न नव्हे. ते गाणं ‘माझ्या काळाचं’ म्हणून मालकीचं झालं, की विघ्न सुरू होतं.

आणि ही मालकी कलावंताला महागात पडू शकते. कुमार गंधर्वांचं उदाहरण घ्या. बालवयातच त्यांची कीर्ती देशभर झाली होती. मग क्षयानं गाठलं. 1948च्या सुरुवातीला ते देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंद राहिलं. 1953च्या सुमारास परत गाऊ लागले, ते वेगळंच. छोटे छोटे स्वरसमूह, मध्येच उसळणारा स्वर, मधली शांतता. अनेकांना ते रुचलं नाही. ज्यांना जुने कुमार हवे होते, त्यांचं ऐकून कुमारांनी तेच गायचं ठरवलं असतं तर? निर्गुणी भजनं नसती, माळव्याच्या लोकगीतांतून उभे राहिलेले धुनउगम राग नसते, ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथही नसता. दुसऱ्या बाजूनंही सावध राहायला हवं. ‘फुप्फुस गेलं म्हणून तशी गायकी झाली’ असं सर्रास म्हटलं जातं. अहो, फुप्फुस गमावलेले रुग्ण पुष्कळ होते, कुमार एकच झाला. आजारानं अडचण दिली, उत्तर त्यांनी शोधलं. काळाचे कप्पे पाडले की हे शोधणं दिसेनासं होतं, उरते फक्त ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ ही यादी.

मल्लिकार्जुन मन्सूरांकडं पाहा. तरुणपणी ते उत्तम गात होतेच, पण त्यांच्या नावाचा खरा गजर साठी-सत्तरीत झाला. आवाजाच्या ताकदीवरच सुवर्णकाळ ठरवायचा, तर त्यांचं काय करायचं?

मग ऐकायचं कसं? आम्ही एक साधी युक्ती करतो. भीमसेनजींचा एकच राग, दोन वेगवेगळ्या दशकांतला. घरातल्या कुणाला तरी लावायला सांगायचं, साल सांगू नको म्हणायचं. आणि एकच गोष्ट पाहायची: वरच्या षड्जाला पोचायला ते किती वेळ घेतात, आणि वाटेत कुठं थांबतात? आम्हाला जे ऐकू आलं ते असं. आधीच्या गाण्यात तान आली की बाकी सगळं विसरायला होतं. नंतरच्या गाण्यात तान कमी आहे, पण ती येते तेव्हा मागच्या आलापाचं उत्तर म्हणून येते. यातलं श्रेष्ठ कोणतं, हे ठरवायची घाई आम्हाला आता वाटत नाही. पण काय बदललं हे सांगता येतं, आणि समीक्षेची सुरुवात तिथून होते.

शेवटी एक कबुली. नांदेडला ‘संगीत शंकर दरबार’ होतो, इथं लातूरलाही मैफली होतात. एका मैफलीत एक तरुण गायक फार मन लावून गात होता. मध्यंतरात आम्ही शेजाऱ्याला म्हणालो, ‘पूर्वीचं काही राहिलं नाही.’ मागं वळून पाहिलं तर त्या मुलाचे वडील उभे. ते काही बोलले नाहीत. आम्हीही काही बोलू शकलो नाही. त्या रात्री आम्ही त्या मुलाला ऐकतच नव्हतो, आमच्या कपाटातल्या कॅसेटी ऐकत होतो.

आणि ज्या भीमसेनांच्या नावानं आम्ही नाक मुरडलं, तेही कधीतरी असेच पंचविशीत, कुणाच्या तरी ‘पूर्वीच्या’ समोर बसून गात होते. त्या रात्री कुणीतरी त्यांना पूर्ण ऐकलं, म्हणून आपल्याला कपाटात ठेवायला काही मिळालं.

कॅसेटी जपा, भांडाही. फक्त समोर कुणी तंबोरा जुळवत असेल, तेव्हा कपाटाला कुलूप लावून या.