वाऱ्यानें घडविलेला खोळंबा : बसरूरच्या सफरीचे दोन वृत्तांत

गद्यलेखकाची खरी परीक्षा ज्या वेळीं कांहींच घडत नाहीं त्या वेळीं होते. लढाई, लूट किंवा खडकावर फुटणारें तारूं यांचें वर्णन करतांना घटनेचा वेगच लेखणीला पुढें ढकलीत असतो. परंतु वारा प्रतिकूल झाल्यामुळें दिवसच्या दिवस अडकून पडलेल्या माणसांविषयीं लिहावयाचें म्हटलें म्हणजे लेखकापाशीं स्वतःची दृष्टि असावी लागते. ही कसोटी आपल्या इतिहासगद्यांतील दोन वृत्तांतांस लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. दोन्ही वृत्तांत एकाच प्रसंगाचे आहेत. आणि तो प्रसंग म्हणजे शिवाजीमहाराजांची बसरूरची सफर.

१६६५ च्या फेब्रुवारींत महाराज मालवणाहून जहाजांत बसले. समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेल्यास तेव्हां पुरते तीन महिनेहि झाले नव्हते. पंचाऐंशी लहान गलबतें आणि तीन मोठीं जहाजें असा काफिला गोव्यावरून खालीं कर्नाटकाच्या किनाऱ्यास गेला, बसरूरचें श्रीमंत बंदर अकस्मात् लुटलें गेलें, आणि परत येतांना गोकर्णास मुक्काम झाला. तिकडे मिर्झाराजे जयसिंग मोंगलांची प्रचंड फौज घेऊन दक्षिणेंत उतरला होता. ३ मार्च रोजीं तो पुण्यास दाखल झाला. पुरंदरचा वेढा आणि जूनमधला तह यांचें बीज याच आठवड्यांत आहे. म्हणून या सफरींत वाया गेलेल्या प्रत्येक दिवसाला मोल आहे.

पहिला वृत्तांत कृष्णाजी अनंत सभासदाचा. राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बसून त्यानें आपली बखर लिहिली. बसरूरला, त्याच्या भाषेंत बसनूरला, त्यानें मोजक्या ओळी दिल्या आहेत: राजे खासा जहाजांत बसून गेले, दिवस उगवतां उगवतां उतरले, शहर गाफील होतें, अगणित मालमत्ता हातीं आली, आणि स्वारी परत फिरली. या ओळींत समुद्र आहे, पण वारा नाहीं. मालवण आणि बसरूर यांच्यामधील अंतर जणूं एका क्रियापदानें तोडलें गेलें आहे. याचा दोष सभासदास देणें अन्यायाचें होईल. बखर ही कृतीची नोंद आहे. धन्यानें काय केलें हें सांगावयाचें, त्यास कोठें थांबावें लागलें हें नव्हे. त्याच्या वाक्यांची ती खणखणीत चाल आपणांस आवडते, ती याच त्यागामुळें.

दुसरा वृत्तांत जेम्स ग्रँट डफ याचा. साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या या लष्करी गृहस्थाचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं निघाला, आणि थोड्याच वर्षांत त्याचें मराठी भाषांतरहि झालें. डफनें सभासदानें टाकलेली गोष्ट उचलली. तुफान वाऱ्यानें काफिला किनाऱ्याच्या खालच्या अंगास रेटला गेला. त्या ऋतूंत कित्येक आठवडे वाहणाऱ्या जोरदार वायव्य वाऱ्यांमुळें पुष्कळ दिवस परत येतां येईना. आणि हा खोळंबा कुलदेवता भवानीच्या अवकृपेची एक खूण मानला गेला, असें तो सांगतो. महाराजांची ही पहिली व शेवटची जातीची सागरी स्वारी, हेंहि तो त्याच जागीं नमूद करतो.

खोळंबा हा इतिहासाचा विषय होऊं शकतो हें डफनें ओळखलें, याचें श्रेय त्यास मोकळ्या मनानें दिलें पाहिजे. आक्षेप त्याच्या मांडणीला आहे. पहिली व शेवटची स्वारी, तुफान, विलंब, देवीची नाराजी, हीं विधानें एका ओळींत बसविल्यावर वाचकाच्या मनावर एकच ठसा उमटतो: समुद्र हा या पुरुषाचा प्रांत नव्हता, तेथें त्याचा अंदाज चुकला, आणि ती चूक उमगून त्यानें पुन्हां जहाजावर पाय ठेवला नाहीं. हें अनुमान डफ उघड लिहीत नाहीं. पण वाक्यांच्या शेजारामुळें तें आपोआप निघतें. आणि त्याचें खंडन त्याच परिच्छेदांत पडलेलें आहे. हे वायव्य वारे त्या ऋतूंत नेहमींच वाहतात, असें तोच म्हणतो. जें नेहमींचें आहे तें संकट कसें, आणि अवकृपा तरी कशी?

या किनाऱ्यावर ज्यानें शिडाच्या होडींतून प्रवास केला असेल त्यास याचें उत्तर ठाऊक असतें. पावसाळा सरल्यावर दुपारीं समुद्राकडून वायव्येचा वारा उठतो आणि रात्रीं जमिनीकडून मतलई वारा सुटतो. दक्षिणेस जाणाऱ्या तारवाला दुपारचा वारा पाठीशीं घेऊन धांवतां येतें. उत्तरेस येणाऱ्याला मात्र रात्रीच्या मतलईवर थोडें थोडें पुढें सरकावें लागतें, आणि वायव्य वारा चढला कीं एखाद्या भूशिराच्या आडोशास नांगर टाकून बसावें लागतें. वायव्येनें रात्रंदिवस जोर धरला तर मतलई दबून जाते. मग वल्हीं मारूनहि कांहीं साधत नाहीं. त्यांतून मालवणचें बंदर म्हणजे पाण्याखालीं दडलेल्या खडकांचें जाळें. खवळलेल्या दर्यांत तेथें शिरूं पाहणें हा आत्मघातच. अशा वेळीं नांगर धरून राहणें म्हणजे नौकानयनांतील अपयश नव्हे. तेंच नौकानयन होय. शिवाय महाराजांचें समुद्रावरील लक्ष या सफरीनें उडालें असेंहि घडलें नाहीं. सिंधुदुर्गाचें काम पुढें चालू राहिलें, आणि १६७९ सालीं मुंबईच्या तोंडाशीं असलेलें खांदेरी बेट घेऊन इंग्रजांच्या गलबतांशीं झुंज देण्यापर्यंत आरमाराची मजल गेली. तेव्हां त्या दिवसांची किंमत मोठी पडली हें खरें. पण किंमत पडणें निराळें आणि चूक होणें निराळें.

देवीच्या कोपाविषयीं आणखी एक शब्द. ग्रीक कवि इस्किलस याच्या ‘आगमेम्नॉन’ नाटकांत ट्रॉयवर निघालेला काफिला ऑलिस येथें उलट्या वाऱ्यानें अडकतो, आणि तोहि एका देवतेचाच रोष ठरतो. परंतु इस्किलस त्या रोषाकडे जाण्यापूर्वीं वाट पाहण्यांतलें दैन्य सांगतो: उपासमार, वाईट नांगरवाडा, झिजत चाललेलीं जहाजें आणि दोर. म्हणूनच राजा स्वतःच्या मुलीचा बळी द्यावयास तयार होतो तेव्हां तो निर्णय भयंकर असूनहि अविश्वसनीय वाटत नाहीं. डफपाशींहि तोच मालमसाला होता. त्यानें मात्र देवीला एका वाक्यांत उरकलें, आणि दोर, पाणी, धान्य यांचा विचारच केला नाहीं. तो इतिहासकार होता, नाटककार नव्हे, हें मान्य. पण अडकलेल्या काफिल्यांत धान्य किती दिवसांचें, हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

खरी उणीव येथें आहे, आणि ती दोन्ही वृत्तांतांत सारखीच आहे. एकांत केवळ राजा आहे, दुसऱ्यांत राजा आणि वारा आहे. तांडेल कोणांतच नाहीं. वारा पडण्याची चिन्हें कोणी पाहिलीं, नांगर उचलण्याचा शब्द कोणी दिला, आणि चारहि दिशांचा धनी असलेला पुरुष त्या शब्दासाठीं कसा थांबून राहिला, हें कोणी लिहिलें नाहीं. ही उणीव आजहि भरून निघालेली नाहीं. २०१७ च्या डिसेंबरांत ओखी चक्रीवादळाच्या वेळीं केरळ व तमिळनाडूकडील साठांहून अधिक नौका, नऊशेंहून अधिक खलाशांसह, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास आश्रयाला आल्या. वर्तमानपत्रांनीं नौका मोजल्या, माणसें मोजलीं; आंकड्यांचें काम चोख झालें. परक्या बंदरांत, परक्या भाषेंत, घरची खबर नसतांना त्या माणसांनीं दिवस कसे काढले, याचें एखादें तरी मराठी पान आम्हांस वाचावयास हवें आहे.

नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनीं एकोणिसाव्या शतकांतच डफवर टीका करून आपणांस त्याच्याशीं बरोबरीच्या नात्यानें वाद घालावयास शिकविलें. त्या वादाचा भर बहुधा तारखा आणि कागदपत्रें यांवर राहिला, आणि तें योग्यच होतें. परंतु मजकूर खरा असूनहि मांडणीनें अन्याय होऊं शकतो, हें बसरूरच्या सफरीवरून दिसतें. तिची हकीकत पुन्हां लिहूं पाहणाऱ्यानें सभासदाचा आटोपशीरपणा घ्यावा, डफचा वारा घ्यावा. पण लिहावयास बसण्यापूर्वीं मालवणच्या एखाद्या जुन्या तांडेलापाशीं बसून माघ-फाल्गुनांतला वायव्य वारा किती दिवस टिकतो, एवढें तरी विचारून घ्यावें.