परदेशी बाजारपेठेतील ब्राझिलियन संगीतकार : शब्द, नाद आणि श्रेय यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

विसाव्या शतकात ज्या देशांच्या लोकप्रिय संगीताने स्वतःच्या सीमा ओलांडून जगभर श्रोतृवर्ग मिळवला, त्यांत ब्राझीलचे स्थान वरचे आहे. सांबा आणि बोसा नोव्हा ही नावे आज सामान्य श्रोत्यालाही परिचित आहेत. या प्रसाराचे वर्णन बहुधा यशोगाथा म्हणून केले जाते. किती ध्वनिमुद्रिका खपल्या आणि कोणते पुरस्कार लाभले, येथवर येऊन ते थांबते. परंतु एखाद्या देशाचे संगीत लोकप्रिय होणे आणि त्या देशातील संगीतकाराला श्रोता, काम व श्रेय मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली घडली म्हणजे दुसरी आपोआप घडते असे नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकन बाजारपेठेत गेलेल्या काही प्रमुख ब्राझिलियन संगीतकारांच्या आधारे हा भेद तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी संगीतविचारात 'शब्दप्रधान गायकी' ही संज्ञा रूढ आहे. शब्दाचा अर्थ, त्याचा उच्चार आणि स्वर यांचे नाते ज्या गायनात केंद्रस्थानी असते, ते शब्दप्रधान होय. या संज्ञेचा आधार घेतल्यास ब्राझिलियन संगीताच्या परदेशगमनात नेमके काय पोहोचले आणि काय मागे राहिले, हे अधिक स्पष्ट होते असे वाटते.

कार्मेन मिरांडा : प्रतिमेची किंमत

कार्मेन मिरांडा (१९०९–१९५५) हिचा जन्म पोर्तुगालमधला. ती वाढली मात्र रिओ दि जानेरोमध्ये. ब्राझीलमध्ये गायिका म्हणून तिची कीर्ती पूर्णपणे प्रस्थापित झाल्यानंतर, १९३९ मध्ये, न्यूयॉर्कचे नाट्यनिर्माते ली शुबर्ट यांनी तिला ब्रॉडवेवर आणले. शुबर्ट यांना केवळ गायिका हवी होती. साथीला 'बांदो दा लुआ' हा आपला वाद्यवृंद हवाच, असा आग्रह तिने धरला. आपल्या सांब्याचा ताल परक्या वादकांकडून उतरणार नाही, ही तिची जाण या आग्रहामागे होती. संगीतकाराच्या कामाचा प्रश्न येथे प्रथमच ठळकपणे पुढे येतो.

पुढे हॉलिवूडने तिला अमाप पैसा व प्रसिद्धी दिली. परंतु तिच्या गाण्यापेक्षा तिच्या डोक्यावरील फळांचे शिरोभूषण अधिक लक्षात राहिले. हा वेश मुळात बाहिया प्रांतातील कृष्णवर्णीय विक्रेत्या स्त्रियांच्या पेहरावावरून घेतलेला होता. म्हणजे एका समाजाची खूण दुसऱ्याने उचलण्याची प्रक्रिया परदेशी जाण्याआधीच, ब्राझीलमध्येच, सुरू झाली होती. हे लक्षात न घेता सर्व दोष अमेरिकेच्या माथी मारणे एकांगी ठरेल. १९४० मध्ये ती रिओला परतली तेव्हा कासिनो दा उर्का येथील प्रतिष्ठित प्रेक्षकांनी तिचे थंडे स्वागत केले. आपण अमेरिकन होऊन आलो या आरोपाला तिने त्याच वर्षी एका सांबागीतातून उत्तर दिले. परदेशात 'फार ब्राझिलियन' आणि स्वदेशात 'फार अमेरिकन' ठरणे, ही कोंडी तिच्यानंतरच्या अनेकांच्या वाट्याला आली.

बोसा नोव्हा : शब्दाकडून नादाकडे

१९५८ मध्ये जोआओ जिल्बर्टो यांनी गायलेल्या 'शेगा दि साउदाजी' या गीताने बोसा नोव्हाचे युग सुरू झाले. आंतोनिओ कार्लोस जोबिम यांची स्वररचना, व्हिनिसियस दि मोराएस यांचे शब्द आणि जिल्बर्टो यांचा कुजबुजीजवळ जाणारा स्वर असे हे त्रिवेणी स्वरूप होते. जिल्बर्टो एखादे अक्षर गिटारच्या ठोक्याच्या किंचित आधी किंवा नंतर ठेवतात, आणि शब्दाचा भाव त्या अंतरात उमटतो. या अर्थाने ही गायकी निश्चितच शब्दप्रधान आहे.

अमेरिकेत मात्र ती प्रथम शब्दाविना पोहोचली. गिटारवादक चार्ली बर्ड १९६१ मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या सांस्कृतिक दौऱ्यात ब्राझीलला गेले होते. परतल्यावर त्यांनी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्यासह फेब्रुवारी १९६२ मध्ये 'जॅझ सांबा' ध्वनिमुद्रित केली. मार्च १९६३ मध्ये ही ध्वनिमुद्रिका 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तीत जोबिम, बाडेन पॉवेल, आरी बारोझो यांच्या रचना होत्या; पण वाजवणाऱ्यांत एकही ब्राझिलियन नव्हता. ब्राझिलियन संगीताला अमेरिकेत मोठा श्रोतृवर्ग मिळाला, तो ब्राझिलियन वादकाला काम न मिळता, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या मैफलीत जोबिम, जिल्बर्टो, लुइझ बोन्फा, सर्जिओ मेंडिस आदी कलावंत स्वतः अमेरिकन श्रोत्यांसमोर आले. मार्च १९६३ मध्ये 'गेट्झ/जिल्बर्टो' ध्वनिमुद्रित झाली आणि पुढच्या वर्षी प्रकाशित झाली. तिला १९६५ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. इपानेमाच्या मुलीवरील प्रसिद्ध गीत हे तिचे मुख्य आकर्षण. मोराएस यांच्या मूळ पोर्तुगीज गीतात समोरून जाणाऱ्या मुलीपेक्षा पाहणाऱ्याचे एकटेपण महत्त्वाचे आहे. हे सौंदर्य आपल्या एकट्याचे नाही आणि प्रेमामुळे जग अधिक सुंदर होते, असा चिंतनाचा धागा त्यात आहे. नॉर्मन गिंबेल यांच्या इंग्रजी रूपांतरात हा धागा उरला नाही. राहिली ती मुलगी आणि तिचे न पाहणे. शिवाय हे शब्द आस्त्रुद जिल्बर्टो यांच्या तोंडी आल्याने मूळचा 'मी' तृतीयपुरुषी 'तो' झाला. आत्मनिष्ठ गीत वर्णनपर बनले.

रेडिओसाठी काढलेल्या छोट्या तबकडीत जोआओ यांचा पोर्तुगीज भाग पूर्णपणे कापला गेला. वेळेची मर्यादा हे कारण खरे असेल. पण काय कापायचे ही निवड केवळ तांत्रिक नसते. श्रेयाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. अल्बमच्या मुखपृष्ठावर आस्त्रुद यांचे नाव नाही, तर छोट्या तबकडीवर जोआओ यांचे नाही. दोन्हीकडे अढळ राहिले ते गेट्झ यांचे.

पोर्तुगीज भाषेला बाजारपेठेचा सरसकट विरोध होता असे मात्र म्हणता येत नाही. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करी सत्ता आली आणि त्याच वर्षी सर्जिओ मेंडिस अमेरिकेत स्थायिक झाले. १९६६ मध्ये त्यांच्या 'ब्राझील ६६' या संचाने जोर्जे बेन यांचे 'मास कि नाडा' हे गीत पोर्तुगीजमध्येच लोकप्रिय केले. गायिका लानी हॉल मात्र शिकागोची होती आणि तिला ती भाषा येत नव्हती. शब्द तिने उच्चारावरून पाठ केले होते. म्हणजेच भाषेचा स्वीकार झाला, तो नाद म्हणून. अर्थ म्हणून नव्हे. मेंडिस यांनी हे मर्म ओळखले, आणि २०२४ मध्ये झालेल्या निधनापर्यंत जवळजवळ सहा दशके ते त्या देशात टिकून राहिले. याला तडजोड म्हणून हिणवण्यापेक्षा व्यवसायाची जाण म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

वादक आणि श्रेय :

१९७० च्या दशकात ब्राझिलियन वादकांना जॅझच्या क्षेत्रात भरपूर काम मिळाले. आयर्तो मोरेइरा हे माइल्स डेव्हिस यांच्या संचात आणि 'वेदर रिपोर्ट'च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत (१९७१) वाजले. फ्लोरा पुरिम यांच्यासह ते 'रिटर्न टू फॉरेव्हर'मध्येही होते. तालवादकाला साथीदारापलीकडचे स्थान मिळवून देण्यात आयर्तो यांचा वाटा मोठा आहे.

काम मिळाले तरी श्रेय मिळतेच असे नाही, याचे उदाहरण एर्मेतो पास्कोआल (१९३६–२०२५) यांचे आहे. डेव्हिस यांच्या 'लाइव्ह-ईव्हिल' (१९७१) मधील त्यांच्या रचना मूळ आवृत्तीत डेव्हिस यांच्या नावावर छापल्या गेल्या. याउलट वेन शॉर्टर यांच्या 'नेटिव्ह डान्सर' (१९७५) मध्ये नऊपैकी पाच रचना मिल्टन नासिमेंतो यांच्या आहेत, नाव मुखपृष्ठावर आहे, आणि गायन बव्हंशी पोर्तुगीजमध्ये वा शब्दांविना आहे. त्यामुळे बाजारपेठेचा दबाव अटळ असतो, हे विधान अर्धसत्य ठरते. यजमान कलावंताने मनावर घेतल्यास पाहुण्याचे शब्द, स्वर आणि नाव तिन्ही शाबूत राहू शकतात.

अलीकडील दोन घटना या संदर्भात बोलक्या आहेत. मार्च २०२२ मध्ये स्पॉटिफायच्या जागतिक यादीत अनिता ही ब्राझिलियन गायिका प्रथम क्रमांकावर पोहोचली, ती स्पॅनिश गीतामुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नासिमेंतो हे एस्पेरांझा स्पॉल्डिंग यांच्यासह ग्रॅमीसाठी नामांकित होते. परंतु ८२ वर्षांच्या या कलावंताला मुख्य दालनात तिच्याबरोबर आसन देण्यात आले नाही. स्पॉल्डिंग यांनी त्यांचे चित्र असलेला फलक हाती धरून निषेध नोंदवला. पन्नास वर्षांपूर्वी शॉर्टर यांनी मुखपृष्ठावर जी जागा दिली, ती संस्थेला सभागृहात देता आली नाही.

निष्कर्ष :

१. अमेरिकन बाजारपेठेने ब्राझिलियन संगीतातील ताल व नाद सहज स्वीकारला. शब्दार्थ मात्र बहुतांशी मागे राहिला.

२. संगीताची लोकप्रियता हा संगीतकाराच्या यशाचा पुरेसा निकष नाही. काम कोणाला मिळाले आणि नाव कोणाचे छापले गेले, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

३. या देवघेवीत ब्राझिलियन कलावंत केवळ बळी नव्हते. वाद्यवृंदासाठी अडून बसणारी मिरांडा आणि बाजाराची नस ओळखणारे मेंडिस हे दोघेही आपापल्या परीने निर्णय घेत होते.

४. 'नेटिव्ह डान्सर'सारखी कलाकृती बरोबरीच्या नात्याची शक्यता सिद्ध करते. म्हणूनच जेथे ती नाकारली गेली, तेथे बाजाराच्या अपरिहार्यतेचे कारण पुढे करता येत नाही. पाहुण्या कलावंताचे नाव कोठे छापायचे हे शेवटी माणसेच ठरवत असतात, आणि समीक्षेने त्यांना त्याचा जाब विचारला पाहिजे.