सीमेवरील कण : वसईच्या खाडीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रवाहाच्या संगणकीय प्रतिकृतीत गाळाचा कण मधल्या पाण्यात असेपर्यंत बहुधा निमूटपणे वागतो. तो तळाशी, काठाशी किंवा पुलाच्या खांबाशी आला की अडचणी सुरू होतात. काही कण भिंतीपलीकडे निघून जातात, काही भिंतीलगत अकारण दाटी करतात, काही एकदा टेकले की हलतच नाहीत. अशा वेळी अपेक्षित चित्र उमटेपर्यंत भिंतीचा नियम बदलत राहण्याचा परिपाठ आढळतो. या परिपाठास दोषशोधन म्हणता येणार नाही, अशी प्रस्तुत टिपणाची भूमिका आहे.

वसईची खाडी हे याचे उत्तम उदाहरण होय. उल्हास नदीचे पाणी घोडबंदरावरून पश्चिमेस वाहत भाईंदर व वसई यांच्यामधून समुद्रास मिळते. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते. पात्रात रेती, काठास तिवरांचा चिखल, भाईंदर-नायगावच्या दरम्यान रेल्वेपुलांचे खांब; म्हणजे एकाच क्षेत्रात तीन भिन्न स्वभावांच्या सीमा. त्या सर्वांना उसळीचा एकच गुणांक लावणे हा पहिला दोष.

०.२ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदास सुमारे २ सेंटिमीटर वेगाने खाली बसतो. कणाचे जडत्व व द्रवाचा चिकट विरोध यांचे गुणोत्तर, म्हणजे स्टोक्स अंक, येथे १ च्या आसपास भरतो. २००१ साली जोसेफ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार हा अंक सुमारे १० च्या खाली असता कण उसळत नाही. मधला द्रवाचा पातळ थर त्याची ऊर्जा शोषून घेतो. तोच कण हवेत पडत असता हा अंक काही हजारांवर जातो. तेव्हा धुळीच्या यंत्रांसाठी ठरविलेला गुणांक खाडीच्या तळास लावणे अशास्त्रीय ठरते. खांबांपाशी वेग निराळा असल्याने तेथे हा अंक स्वतंत्रपणे काढला पाहिजे.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. तळाजवळ प्रक्षुब्ध विसरणाचा गुणांक शून्याकडे झुकतो. कणांची यादृच्छिक चाल लिहिताना या गुणांकाच्या उताराचे पद वगळले, तर अल्प विसरणाच्या जागी कण आपोआप गोळा होतात. ही दाटी गणिताची असते, गाळाची नव्हे. ती १९९७ साली व्हिसर यांनी स्पष्टपणे दाखविली. भिंतीचा नियम कितीही बदलला तरी ती जात नाही. तिची परीक्षा सोपी आहे : पतनवेग शून्य धरून कण सर्वत्र समप्रमाणात पसरावेत, बऱ्याच कालावधीनंतरही ते तसेच राहिले पाहिजेत. थॉमसन यांनी १९८७ साली मांडलेल्या सुमिश्रणाच्या अटीचा हाच आशय आहे.

भिंत ओलांडणाऱ्या कणांचे कारण बहुधा कालपद मोठे असणे हे असते. एका पदात कण भिंतीजवळच्या चौकटीपेक्षा अधिक अंतर जात असेल, तर कालपद लहान करावे. भिंतीशी संपर्क मोजताना कणाचा केंद्रबिंदू न धरता त्याची त्रिज्या हिशेबात घ्यावी.

उरतो चिकटण्याचा प्रश्न. भरती-ओहोटीच्या संधिकाळी पाणी थबकते व चिखलाचे कण खाली बसतात. प्रवाह वाढून तळावरील कर्षण क्रांतिक मूल्यापलीकडे गेले की ते पुन्हा उचलले जातात. ‘टेकला तो संपला’ हा नियम उचलण्याचे हे अर्धे चक्रच पुसून टाकतो. शिवाय ओहोटीत उघड्या पडणाऱ्या तिवरांच्या पट्ट्यात सीमा स्वतःच सरकते. कोरड्या चौकटीत अडकलेला कण साचलेला गाळ म्हणून मोजला जाऊ नये.

म्हणून क्रम असा असावा : प्रथम सुमिश्रणाची परीक्षा, मग कालपद, मग संपर्काची भूमिती आणि सर्वांत शेवटी भिंतीचा भौतिक नियम. तिवरांत गाळ किती साचेल, खांबाच्या पायथ्याशी तळ किती खरवडेल, याविषयीचे निर्णय अशा आकृत्यांवर घ्यावयाचे असतील, तर आकृतीतील दाट ठिपका खाडीने उमटविला आहे की संगणकाने, हे सांगण्याचे उत्तरदायित्व अभ्यासकावरच राहते.